इंटरफेसला कन्स्ट्रक्टर नसतो, पण तुम्ही छापलेल्या कारणानं नाही

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची प्रश्नोत्तरं मराठीत छापली, बरं वाटलं, कारण आमच्याकडं दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला पुढं एकदम सगळं इंग्रजीत आलं की निम्मं डोक्यावरनं जातं. पण 'इंटरफेसला कन्स्ट्रक्टर का नसतो' याचं उत्तर तुम्ही दिलंय की त्यातल्या मेथडला (म्हणजे एकेका कामाला) बॉडी (आतला कोड) नसते आणि त्याचा ऑब्जेक्ट करता येत नाही म्हणून. नवख्यांसाठी सांगतो, क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातनं काढलेली वस्तू, कन्स्ट्रक्टर म्हणजे ती वस्तू करताना तिच्यात सुरुवातीचा डेटा भरणारा कोड, आणि इंटरफेस म्हणजे क्लासनं कुठली कामं करायची त्याची यादी. तुमची दोन्ही कारणं लंगडी आहेत.

२०१४ ला जावा ८ आलं तेव्हापासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड लिहिता येते, बॉडीसकट. कलेक्शन या जावातल्या इंटरफेसला स्ट्रीम नावाची नवी मेथड जोडायची होती, नुसती मेथड घातली असती तर ज्यांनी ज्यांनी तो इंटरफेस घेतला होता त्या सगळ्यांचे क्लास पुढच्या कंपाईलला (कंपायलर कोड तपासून मशीनसाठी तयार करतो तेव्हा) अडले असते, म्हणून ही सोय काढली. बॉडी आली, कन्स्ट्रक्टर आजही नाही. आणि ऑब्जेक्टचं म्हणाल तर अॅबस्ट्रॅक्ट क्लासचा (मुद्दाम अर्धवट ठेवलेल्या क्लासचा) पण थेट ऑब्जेक्ट होत नाही, तरी त्याला कन्स्ट्रक्टर असतोय की! त्याच्यावरनं केलेल्या चाइल्ड क्लासचा कन्स्ट्रक्टर सुपर म्हणून आधी त्याला बोलावतो, आपण लिहिलं नाही तर कंपायलर स्वतः घालतो.

आमच्या घरी वडगावात माग आहेत म्हणून तसंच सांगतो. साडी विणायच्या आधी मागावर ताणा (उभे धागे) चढवावा लागतो, तो कन्स्ट्रक्टर. व्यापारी चिठ्ठी देतो, लांबी एवढी, काठ असा, तो इंटरफेस. चिठ्ठीला माग कुठाय ताणा चढवायला? हां, चिठ्ठीच्या खाली 'घडी अशी घाला' एवढं लिहिता येतं, ती डिफॉल्ट मेथड, कुठल्याही मागवाल्याला चालते. म्हणजे मुद्दा असा की इंटरफेसकडं प्रत्येक ऑब्जेक्टचा वेगळा असा डेटाच नसतो, त्यात व्हेरिएबल लिहिलं तरी ते आपोआप पब्लिक स्टॅटिक फायनल होतं, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच आणि न बदलणारं. भरायलाच काही नाही तर कन्स्ट्रक्टर भरणार काय? अॅबस्ट्रॅक्ट क्लासकडं स्वतःची फील्ड (प्रत्येक ऑब्जेक्टचा डेटा ठेवायच्या जागा) असू शकतात, म्हणून त्याला लागतो.

आता एक गंमत, जिथं व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पोरं हमखास अडकतात. न्यू रनेबल (रनेबल हा जावातलाच एक इंटरफेस) लिहून, पुढं मोकळा गोल कंस देऊन महिरपी कंस उघडला की वाटतं इंटरफेसचाच ऑब्जेक्ट झाला. तसं नसतंय, कंपायलर तिथं बिननावाचा क्लास करतो, त्याचा बाप ऑब्जेक्ट नावाचा क्लास, आणि त्या बिननावाच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर कंपायलरच घालतो, तो बापाचा कन्स्ट्रक्टर बोलावतो, आणि बापाचा काहीच घेत नाही. म्हणूनच त्या गोल कंसात काही घालायला गेलात तर एरर येते, घेणारं कोणी नाहीच. माझा स्वतःचा व्हायवा यावरच गेला होता, सरांनी विचारलं मग कन्स्ट्रक्टर कोणाचा, मी खिडकीकडं बघत बसलो.

माझ्या भाचीनं तुमचं ते कात्रण वहीत डिंकानं चिकटवलंय, आता निघत पण नाही. येत्या रविवारी त्याच मापाच्या चौकटीत दुरुस्ती छापा, म्हणजे बरोबर वरनं चिकटवता येईल.

आपला एक वाचक,
वडगाव, बेळगाव