वस्तादांना काळा पट्टा मिळाला, त्यानिमित्त

सर,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'बरं बरं, चल वॉर्मअप कर' म्हणून विषय मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता थांबवता यायचं नाही.

तुमच्या कमरेला काळा पट्टा बांधला त्या दिवसापासून लातूरभर पोरांच्या स्टेटसला तुमचाच फोटो आहे. आडतीवर मला दोघा-तिघांनी विचारलं, "कराटेची परीक्षा पास झाले का तुमचे सर?" कराटे नव्हे, ब्राझिलियन जिउ-जित्सू. जमिनीवर झुंजत सांधा पिळायचा नाहीतर मान आवळायची आणि समोरच्याला हार मानायला लावायची, असा हा खेळ. त्यात काळ्याच्या आधी निळ्या पट्ट्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक, असा नियम आहे, आणि ही झाली नुसती कमीत कमी मुदत. ज्याचा गुरू पुण्यात, पोट लातुरात आणि एक गुडघा कामातून गेलेला, त्याला किती लागली असतील ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

तुमची सुरुवात आमच्यासारखीच. औशाकडचं गाव, जत्रेत रेवड्यांवरची कुस्ती, मग तालीम. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचं रामलिंग मुदगड ज्या जिल्ह्यात आहे, तिथं पोरानं लंगोट लावला की घरच्यांना पुढचं सगळं दिसायला लागतं. तुम्ही पुण्याला गेलात, पण खुराकाचा खर्च झेपेना म्हणून रात्री वॉचमनकी धरलीत. तिथल्याच एका सोबत्यानं तुम्हाला जिउ-जित्सूच्या हॉलवर नेलं. साठेक किलोचं कॉलेजचं पोरगं समोर आलं. तुम्ही पट काढून त्याला पाडलंत, वर बसलात, आणि त्यानं खालूनच पायांचा त्रिकोण करून तुमची मान आवळली. हे तुम्ही इतक्या वेळा हसत सांगितलंय की आम्हाला तोंडपाठ आहे. मला मात्र त्यानंतरचा भाग मोठा वाटतो. जत्रेत ज्याच्या नावानं हलगी वाजायची तो पैलवान दुसऱ्या दिवशी पांढरा पट्टा बांधून सगळ्यांत मागच्या रांगेत उभा राहिला.

कुस्तीत नाव झालं तर रेल्वे, पोलीस, सैन्यदल, कुठं ना कुठं दार उघडतं. या खेळात तसं काही नव्हतं. स्पर्धेची फी, प्रवास, राहणं, सगळं पदरचं. जिंकलं तर पदक, हरलं तर परतीचं तिकीट. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत जिउ-जित्सू आलं तेव्हा निदान घरी सांगायला काहीतरी झालं, पण तोवर तुमचा गुडघा गेलेला होता आणि तुम्ही आमच्यात येऊन रमला होतात.

आम्हाला शिकवणं सोपं नव्हतं, हे कबूल करतो. तालमीतून आलेल्यांची एक खोड असते. अडचणीत आलो की पालथं पडून जमीन धरायची. पाठ मातीला लागली नाही म्हणजे वाचलो, हे आमच्या हाडात मुरलेलं. इथं पाठ दिली की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय आतून अडकवतो, चार गुण घेतो आणि हात गळ्याखाली सरकवतो. तुम्ही मॅटच्या कडेला उकिडवे बसून म्हणायचा, "जमिनीला काय मिठी मारायलास? ती कुठं पळून चाललीय?" मग स्वतः उताणे झोपायचा आणि मला अंगावर घ्यायचा. माझी कोपरं तुमच्या मांड्यांत अडकलेली, एक बाही तुमच्या मुठीत, आणि तुम्ही खालून शांतपणे सांगताय, "आता कुणीकडं जाशील?" मी जाईन तिकडं तुमची कंबर आधीच वळलेली असायची. चितपट झालेला माणूस कुस्ती चालवू शकतो हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मॅट म्हणावं तर मॅटही नव्हती. पोत्यांत लाकडाचा भुसा ठासून भरला आणि वर ताडपत्री ताणली. तो बारदाना आमच्या आडतीवरचा. शेठनं अजून त्याचा हिशेब मागितलेला नाही, तुम्हीही काढू नका.

पण खरे आभार मला २०१६ च्या उन्हाळ्याचे मानायचेत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते देशानं टीव्हीवर पाहिलं. हॉलमध्ये काय चाललं होतं ते कुणी पाहिलं नाही. गी म्हणजे आमचा सरावाचा पोशाख. त्याचा तो जाड सदरा दर सरावानंतर धुवावाच लागतो, नाहीतर गजकर्ण एकाचं दहा जणांना होतं. प्यायला पाणी नाही तिथं गी कशानं धुणार? तुम्ही एका संध्याकाळी सगळ्यांच्या गी घड्या करून ठेवायला लावल्या आणि तो उन्हाळा आम्हाला बिनगीचं शिकवलंत. टी-शर्ट आणि चड्डीवर. धरायला ना कॉलर, ना बाही. सराव संपला की अर्ध्या बादलीत फिनेल टाकून फडक्यानं ताडपत्री पुसायची, आणि ते काम कुणाला सांगायच्या आत तुम्ही स्वतः सुरू केलेलं असायचं. त्या महिन्यांत तुम्ही कुणाकडं फी मागितली नाहीत. तुमचं घर कसं चाललं ते मी विचारलं नव्हतं, वहिनींनी पुढं कधीतरी सांगितलं.

मुलींची बॅच सुरू झाली तेव्हा हॉलचं दार सताड उघडं ठेवायचं आणि एक तरी आई आत बसलेली हवी, हा नियम तुम्ही घातलात. आज त्यातल्याच दोन आया मॅटवर उतरतात. एकीचा आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव, मला सुटत नाही. ते असो.

किमुराचा हात, म्हणजे खांदा पिळायचा डाव, शिकवताना तुम्ही १९५१ ची गोष्ट सांगायचा. रिओचं माराकाना स्टेडियम, जपानच्या जुदोवाल्या मासाहिको किमुरानं, हा खेळ घडवणाऱ्यांतल्या हेलिओ ग्रेसीचा हात मागं पिळला, हाड मोडलं तरी हेलिओनं टॅप केलं नाही, म्हणजे हातानं थोपटून हार मानली नाही, शेवटी भावानं टॉवेल फेकला. पोरं भारावून जायची. आणि तुम्ही लगेच म्हणायचा, "तो हेलिओ होता. तुम्ही वेळेवर टॅप करा, सोमवारी कामावर जायचंय." माझे दोन्ही खांदे अजून शाबूत आहेत आणि मी हमालांच्या बरोबरीनं तुरीची पोती उचलू शकतो, ते त्या एका वाक्यामुळं.

आता एक काम. डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगून बरेच दिवस झाले. तुम्ही पोरांच्या स्पर्धेचं कारण पुढं करता. संध्याकाळची बॅच मी घेतो, सकाळची आपला निळा पट्टेवाला उदगीरकर घेईल, त्याच्याशी बोलणं झालंय. पैशाचं आम्ही जुन्या पोरांनी पाहिलंय, त्यावर वाद घालू नका. वहिनींना तारीख कळवलेली आहे.

तुमचा,
आडतीवरचा मुनीम