तिसरीनंतर सोलापूर पुस्तकातून कुठे जातं? पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

जिल्हा वार्षिक योजनेच्या आराखड्यात शाळांमधून स्थानिक वारसा शिकवण्यासाठी स्वतंत्र आणि दरवर्षी मिळणारी तरतूद व्हावी, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात, म्हणून आपल्यालाच.

बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं पुस्तक काढलं, ही फार चांगली गोष्ट झाली. पण आठ वर्षांचं मूल आपले तालुके आणि नद्या पाठ करतं, चौथीत जातं आणि तिथून पुढे जिल्हा पुस्तकातून जवळपास नाहीसा होतो. ज्या वयात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, काय असतो हे कळू शकतं, शिलालेख हा पुरावा कसा असतो हे समजू शकतं, त्या आठवी-नववीत सोलापूर एखाद्या परिच्छेदापुरतं उरतं.

हत्तरसंग कुडलचंच घ्या. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात, तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. काळाची नोंद असलेला सर्वांत जुना मराठी लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याच्याकडे पाहतात. सोलापूरचेच संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा शाळाशाळांत फलक लागले, भाषणं झाली. त्या अभिजातपणाचा दगडात कोरलेला पुरावा आपल्या जिल्ह्यात आहे आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. सहल काढायची तर बसभाडं कोण भरणार? ज्यांना परवडतं त्यांची मुलं येतात. ज्या घरात आई विड्या वळून संसार चालवते, तिथलं मूल "सर, मला त्या दिवशी गावाला जायचंय" म्हणतं आणि घरी राहतं. ते गावाला जात नाही, हे आम्हालाही माहीत असतं.

दुसरी गोष्ट मागाची. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आपण सगळेच सांगतो. मध्यंतरी पूर्व भागातल्या एका विणकर काकांना आम्ही वर्गात बोलावलं. त्यांनी पिशवीतून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं काढली, दोऱ्याने एकमेकांना ओवलेली. एक कार्ड खिडकीसमोर धरलं तर भोकांमधून उजेड आला. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो आणि नक्षीची एक ओळ होते. मोराच्या एका पिसाला किती कार्डं लागतील, याचा हिशोब मुलं फळ्यावर मांडू लागली. गणिताच्या बाईंनी आपला तासही देऊन टाकला. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी हजेरीला "हजर" एवढंच बोलणारी, काकांशी तेलुगूत काहीतरी बोलली आणि मग उठून बाकीच्यांना मराठीत समजावू लागली, कारण तिच्या घरीच माग आहे. वर्गात इतकी वर्षं तिच्या घरचं काहीही शिकवलं गेलं नव्हतं.

काकांचा त्या दिवशीचा रोज बुडाला. त्यांना मानधन द्यायला शाळेकडे कुठलंच लेखाशीर्ष नव्हतं. श्रीफळ देऊन पाठवलं, त्याची खंत अजून वाटते. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. धोरण आहे. कारागिराला द्यायचे पैसे नाहीत.

आणि हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली. ही नावं नुसती मोठ्याने वाचली, तरी हे शहर कोणाकोणाचं आहे ते कळतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर असं उठलं, की इंग्रजांना इथे मार्शल लॉ पुकारावा लागला. मुलं रोज चार पुतळ्यांवरून शाळेला येतात, पण चारही नावं न अडखळता सांगणारी थोडीच. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंदांची जयंती असते, ती व्हायलाच हवी. त्याच सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज, बाराबंदी, अक्षता हे मुलांना शिकवावं लागत नाही, ते त्यांच्या अंगात आहे. पण सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, हे किती जणांना माहीत असतं? चीन-जपान युद्धात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. कोटणीसांचं स्मारक शहरात आहे, तिथे चीनहून पाहुणे आवर्जून येतात. आमच्या मुलांना मात्र रिक्षाभाड्याअभावी तेही लांब पडतं.

"लोकवर्गणीतून करा," असं आम्हाला वरून सांगितलं जातं. वर्गणी जिथे जमते त्या शाळा हे करतातच. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत ती जमत नाही, आणि वारशाची गरज तिथे कमी नाही. "स्मारकांना निधी दिलाच आहे," असंही उत्तर मिळतं. तो निधी कुंपण, फरशी आणि दिव्यांवर जातो, तो जावाही. दगडावर खर्च होतो, मुलाला त्या दगडापर्यंत न्यायला होत नाही.

म्हणून आराखड्याचा निदान अर्धा टक्का यासाठी राखावा. त्यातून बसभाडं निघावं, विणकर, शाहीर, मूर्तिकार यांना मानधन मिळावं, शिक्षकांना शिलालेख आणि जुनी कागदपत्रं वाचायचं प्रशिक्षण मिळावं, आणि आपल्या जिल्ह्यावरची एक चांगली पुस्तिका मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही निघावी, कारण आपल्या शाळा या चारही भाषांत भरतात. एक कळकळीची विनंती आहे. हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर यावा. जिल्ह्याच्या पातळीवर तक्ते आणि संच एकगठ्ठा खरेदी करून पाठवू नयेत. असे संच सील न फोडता कपाटात पडलेले आम्ही पाहिले आहेत.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मंजुरी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत झाली, तर डिसेंबरमध्येच शाळांना कुडलची बस ठरवता येईल. जानेवारीत यात्रा असते, त्यानंतर परीक्षांची तयारी आणि ऊन, मग मुलांना घेऊन बाहेर पडता येत नाही.

आपला,
सोलापुरातील एक इतिहास शिक्षक