कोडॅकला दिसत होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकातला, फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक या अमेरिकन कंपनीवरचा लेख वाचला. डिजिटलची लाट येतेय हे कंपनीला कळलेच नाही, असा त्याचा सूर आहे. सांगलीत मारुती चौकाजवळ तीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला, त्यामुळे हे काही पटले नाही.

पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकमध्येच बनला, 1975 साली. स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने तो जुळवला. जेमतेम दहा हजार ठिपक्यांचा काळा-पांढरा फोटो, तोही कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. पुढे 1981 मध्ये कंपनीने स्वतःच पाहणी केली आणि फिल्मच्या हातात अजून दहाएक वर्षे आहेत असा अंदाज बांधला. म्हणजे मुदतसुद्धा ठाऊक होती!

घोडे पेंड खात होते ते गल्ल्यापाशी. कॅमेरा गिऱ्हाईक एकदाच घेते. रोल, केमिकल, पेपर मात्र दर लग्नाला, दर बारशाला लागतात. 36 च्या रोलवर 38 फोटो काढण्यात आम्ही हुशारी मानायचो, पण शेवटी रोल घ्यावाच लागे. डिजिटलमध्ये ही रोजची आवक नाही. भरल्या ताटावरून आपणहून कोण उठतो?

2003 च्या सुमाराची गोष्ट. एका फिल्म कंपनीचा सेल्समन दुकानी आला होता. दिवाळीची स्कीम होती, जास्त पेट्या घेतल्या तर जास्त सूट. चहा घेता घेता त्याने बॅगेतून स्वतःचा डिजिटल कॅमेरा काढला आणि काउंटरवर बसलेल्या माझ्या मुलीचा फोटो काढून तिला तिथल्या तिथे दाखवला. मी म्हटले, "अहो, मग आम्हाला रोल कशाला गळ्यात मारताय?" तो हसला. म्हणाला, "काका, माझं टार्गेट रोलचं आहे." लेखकाने कंपनीच्या दूरदृष्टीवर तीन रकाने लिहिले, पण पगार आणि कमिशन कशावर ठरत होते याबद्दल एक ओळ नाही. (आणि मी त्या दिवशी दहा पेट्या घेतल्या, हेही सांगून टाकतो.)

बरे, कोडॅक हातावर हात ठेवून बसली नव्हती. 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत तीच पहिली होती. पण त्यात फिल्मसारखा नफा उरेना, आणि जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फुजी या जपानी फिल्म कंपनीवर हेच संकट आले होते. फिल्ममधले जिलेटिन म्हणजे मुळात कोलॅजनच; त्या ज्ञानावर त्यांनी चेहऱ्याची क्रीम विकली, टीव्हीच्या पडद्यांना लागणारी फिल्म बनवली. ते फुकट झाले नाही, जुन्या विभागातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आपण सांगलीकरांनी कोडॅकला फार हसू नये. 2005 च्या महापुरानंतर मी दुकानाच्या भिंतीवर पाण्याची खूण रंगवली आणि फळ्या तिच्या वर वीतभर चढवल्या. निगेटिव्हच्या दोन ट्रंका तेवढ्या खालीच राहिल्या. त्या माडीवर न्यायच्या तर हमाल लावायचे, दिवसभर शटर ओढायचे, तेही लग्नसराईत. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नेऊ. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी त्या खुणेच्याही वर गेले. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी मी त्या आठवड्यात तासातासाला मोबाईलवर बघत होतो.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर, सांगली