ऐतिहासिक बुडालेली जहाजे सॅल्व्हेज कायद्यातून वगळा : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संस्कृती मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
(प्रत : माननीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्री)

महोदय,

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि तीनच दिवसांनी जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून ते हिंदी महासागरात बुडवले. जहाजावर बहुतांश भारतीय प्रवासी होते. २८० माणसे गेली. त्याच जहाजात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने भारताकडून विकत घेतलेली चांदी होती. २०१७ साली एका कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या चांदीच्या २,३६४ लगडी वर काढल्या, साउदॅम्प्टनला नेल्या आणि मोबदल्यासाठी दावा लावला. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, परकीय सरकारच्या या चांदीवर असा दावा चालणार नाही, हे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे मान्य केले. भारत या खटल्यात पक्षकार नव्हता, आणि वादाचा विषय होता तो केवळ चांदीचा. ज्या जहाजातून ती काढली ते शेकडो माणसांचे अखेरचे विश्रांतिस्थान आहे, याला त्या वादात जागाच नव्हती.

दोष न्यायाधीशांचा नाही, सॅल्व्हेज कायद्याच्या, म्हणजे समुद्रात जहाज किंवा माल वाचवणाऱ्याला मोबदला देणाऱ्या कायद्याच्या, रचनेचा आहे. वादळात सापडलेले जहाज जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या खलाशांना बक्षीस मिळावे, यासाठी हा कायदा घडला आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे. मात्र त्यात मोबदला ठरतो तो वाचवलेल्या मालाच्या किमतीवर. शतकानुशतके तळाशी स्थिरावलेल्या जहाजाला तो लावला, की चांदी वर येते आणि जिला बाजारभाव नाही ते सारे विस्कटले जाते. शिवाय अशा जहाजाला खरा धोका वर काढल्यानंतर असतो, कारण खाऱ्या पाण्यात मुरलेले लोखंड हवेत आल्यावर झपाट्याने गंजते आणि लाकूड सुकताना आक्रसून तडकते.

बाजारभाव नसलेल्या वस्तू किती बोलतात, हे गोव्याच्या समुद्राने दाखवले आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना सुंची रीफ या पाण्याखालच्या खडकाजवळ सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा होत्या, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते. म्हणजे आफ्रिका, चीन आणि गोवा यांचा व्यापार एका जहाजाच्या पोटात एकत्र सापडला. सेंट जॉर्ज रीफवर तर कौले निघाली, आणि त्यांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ अशी रोमन लिपीतली अक्षरे आहेत. कोकणात ज्यांची घरे मंगळुरी कौलांनी शाकारलेली आहेत, त्यांना त्या कौलाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. सॅल्व्हेजवाल्याने ते उचलून बाजूला फेकले असते. पुरातत्त्वज्ञाला मात्र जहाजाच्या मालाचा उगम आणि त्याच्या काळाचा अंदाज त्यावरूनच बांधता आला.

आपल्याकडे अशा अवशेषांना थेट संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा नाही. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार सापडलेला माल ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याकडे जमा होई, आणि वर्षभरात कोणी मालकी सिद्ध केली नाही तर तो विकण्याची तरतूद होती. दुसरीकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना संरक्षण देतो, पण तळाशी त्या कशा पसरल्या आहेत, म्हणजे ज्यातून इतिहास कळतो तो संदर्भ, त्याच्या कक्षेत येत नाही. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला आहे, म्हणून त्याखालील नियमांत आपल्या मंत्रालयाचा शब्द असणे आज निकडीचे आहे.

युनेस्कोने २००१ साली केलेला पाण्याखालील सांस्कृतिक वारशाचा करार २००९ पासून लागू आहे. अवशेष शक्यतो जागेवरच जतन करावेत आणि त्यांचा व्यापार करू नये, ही त्याची मुख्य तत्त्वे. मालकीच्या वादात तो करार पडत नाही, त्यामुळे सार्वभौमत्वाची शंका त्याच्या आड येऊ नये. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती अशी, की ऐतिहासिक अवशेषांना विक्री आणि सॅल्व्हेजच्या मोबदल्यातून वगळावे, आणि सापडलेल्या प्रत्येक जुन्या अवशेषाची खबर रिसीव्हरने विक्रीचा विचार करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला द्यावी. २००१ मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या पाण्याखालील पुरातत्त्व शाखेला त्यासाठी पाणबुडे, बोटी आणि प्रयोगशाळा लागतील. मच्छीमाराच्या जाळ्यात काही अडकले, तर ते कुठे कळवायचे हे त्याला ठाऊक हवे आणि कळवल्याबद्दल त्याला सन्मानाने बक्षीस मिळायला हवे; समुद्राचा तळ त्याच्याइतका कोणालाच माहीत नसतो.

शंभर वर्षांची अटही सैल असावी. बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणासाठी ब्रिटनने केलेल्या १९७३ च्या कायद्यात वयाची अट नाही. महत्त्वाचे अवशेष अधिसूचना काढून संरक्षित करता येतात. ‘तिलावा’ला शंभर वर्षे २०४२ मध्ये पूर्ण होतील. आपल्या सागरी हद्दीत असे कोणतेही जहाज असल्यास तोवर वाट पाहावी लागू नये, एवढा अधिकार कायद्याने आपल्या मंत्रालयाला द्यावा.

आपला नम्र,
किनारपट्टीवरील एक नागरिक