तुमच्या फणसाचं टेबल

अंजर्ले
आषाढ शुद्ध ५

प्रिय अन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. तुमच्या मुक्ताचं टेबल गणपतीपर्यंत मिळेल का, एवढंच विचारलं आहेस. फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नसतं. आज पहाटेपासून झड लागली आहे, दहा वाजता गेलेली लाईट अजून आलेली नाही, लेझरच्या मशीनवर ताडपत्री टाकून ठेवली आहे. म्हणून पडवीत कागद घेऊन बसलो.

आधी उत्तर देतो. गणपतीपर्यंत मिळणार नाही. मार्गशीर्षात मी स्वतः गाडीत घालून पुण्याला घेऊन येईन. एवढा उशीर का, ते नीट सांगायचं आहे, कारण झाड तुमचं आहे.

३ जून २०२० चा दिवस तुला फोनवरून कळला, मी तो इथे पाहिला. निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं, पण आपल्या दापोली तालुक्यातही त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. संध्याकाळी वारा पडल्यावर तुमच्या घराकडे गेलो तर फणस मुळासकट उपटून गडग्याच्या दगडी बांधावर आडवा. घराच्या कौलांपासून तीन हातांवर. काकूंना मी सांगितलं, घर वाचलं. त्या म्हणाल्या, "त्याने बाजूला पडायचं ठरवलं असेल." हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

फणस हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड. त्यामुळे पंचनामा, कागद, परवानगी होईपर्यंत ओंडका तसाच ठेवला, दोन्ही टोकांना रंग फासून. लाकडातलं पाणी टोकांकडून फार लवकर जातं आणि तिथूनच भेगा पडतात, म्हणून टोकं बंद करायची. दिवाळीनंतर वखारीत नेला. दोन इंची फळ्या पाडायच्या ठरल्या. तिसऱ्या फळीला करवतीने कर्रकन आवाज केला आणि पात्याचे दात गेले. आत खिळा होता.

अन्या, तो आपला खिळा. ८३ च्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला तू स्टुलावर चढून ठोकलेला. मी तो जागच्या जागी मोजला. बुंध्याच्या सालीपासून जवळजवळ चार इंच आत, आणि जमिनीपासून बरोबर तेवढ्याच उंचीवर, जिथे ठोकला होतास तिथे. झाडाची उंची शेंड्याला वाढते, बुंधा फक्त जाड होत जातो, म्हणून खिळा वर जात नाही, आत जातो. त्याच्याभोवती लाकूड काळं पडलं आहे, लोखंडाचा डाग उतरून. एका बाजूला ते काळं बोटभर लांब ओघळलं आहे, डोळ्यातलं काजळ पसरावं तसं. बाकी सगळी फळी हळदीसारखी पिवळी होती. आता ती मधाच्या रंगावर आली आहे. फणसाचं लाकूड उजेडात गडद होत जातं, दहा वर्षांनी ते तांबूस तपकिरी दिसेल.

तीच फळी मुक्ताच्या टेबलासाठी ठेवली आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, एका अंगाची. जोड नाही. अशी फळी आता मागून मिळत नाही.

मुक्ताने पाठवलेले फोटो पाहिले. मधून निळी नदी वाहते आहे आणि दोन्ही काठांना लाकूड. सुंदर दिसतं, यात वाद नाही, मीही तशी दोन टेबलं केली आहेत. पण त्यासाठी काय करावं लागतं ते तिला सांग. अख्खी फळी उभी चिरायची, दोन्ही तुकडे उलटे करून सालीकडच्या कडा आत घ्यायच्या, आणि मधल्या जागेत आठ-दहा किलो रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पातळ रसायन, ओतायचं. लाकूड कमी असतं तेव्हा ते ठीक आहे. इथे चाळीस-पन्नास वर्षं वाढून दोन फूट रुंद झालेली फळी आपणच चिरायची आणि त्या जागी प्लास्टिक भरायचं, हे माझ्या हातून होणार नाही. रेझिन म्हणजे शेवटी प्लास्टिक. एकदा घट्ट झालं की ते वितळवून परत घेता येत नाही. लाकडाचं टेबल पन्नास वर्षांनी कोणी रंधा मारून पुन्हा नवं करील.

जिथे लाकूड नाही तिथेच रेझिन, एवढा माझा नियम आहे. आणि या फळीत तशी जागा आहे. खिळ्याच्या वर एक फांदी कधीतरी कुजून गेली होती, तिथे कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी पोकळी आहे. कुजलेला भुसा पटाशीने आणि तारेच्या ब्रशने काढला, टणक लाकूड लागेपर्यंत. मग आत तांदूळ भरून मापाने मोजले, दीड लिटरच्या आसपास भरले. तेवढंच रेझिन लागेल. निळं नाही, रंगाशिवाय. खाली पोकळीच्या तळाशी तो खिळा दिसला पाहिजे.

आता उशीर का, ते.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, कापल्यावर कितीही वर्षं झाली तरी. आडवं फुगतं आणि आक्रसतं, उभ्या धाग्यात जवळजवळ नाही. माझ्याकडे दोन टोकं टोचून ओलावा दाखवणारं मीटर आहे. तुमच्या फळ्या पाच पावसाळे शेडमध्ये, म्हणजे आपल्या मांगरात, पट्ट्यांवर रचून ठेवल्या आहेत, तरी मे महिन्यात मीटर १३ टक्के दाखवत होतं आणि काल १८. हा आपल्या हवेचा हिशोब आहे, लाकडाचा दोष नाही. पण तुमच्या पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये हवा पापड वाळावेत इतकी कोरडी होते. इथे १८ ला भरलेलं टेबल तिथे ८-९ पर्यंत येणार. फळी आक्रसणार. रेझिन मात्र हवेने आक्रसत नाही.

हे मी शिकलो ते एका गिऱ्हाइकाच्या टेबलावर. दोन वर्षांपूर्वी, आंब्याची फळी, घाई होती म्हणून भर श्रावणात भरलं. ओतलं तेव्हा आरशासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वर हात फिरवला तर चिकट, दुधावर धरते तशी तेलकट पांढुरकी साय. रेझिन घट्ट व्हायला त्यात मिसळतात त्या हार्डनरमधली रसायनं हवेतल्या दमट वाफेशी आणि कार्बन डायऑक्साइडशी लागतात आणि ही साय धरते. मी लगेच पॉलिश पेपर घेतला आणि ती साय घासून आणखी आत नेली. खरं म्हणजे आधी कोमट पाण्याने धुऊन काढायची असते, मग पेपर. पुन्हा सगळं खरवडून दुसरा थर दिला. टेबल देशावर गेलं. होळीच्या सुमारास त्यांनी फोटो पाठवला, लाकूड आणि रेझिन यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. मी जाऊन टेबल परत आणलं, पैसे परत दिले, आणि ते आजही मांगरात उभं आहे. कामाला जाताना रोज समोर दिसतं.

म्हणून तुमच्या फळीचं असं ठरवलं आहे. कोजागिरीनंतर कोरडी हवा सुटली की फळी आतल्या खोलीत घेणार, प्लास्टिकने खोली बंद करून हवेतला ओलावा ओढणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, लावणार, आठवड्याला वजन आणि मीटर दोन्ही लिहून ठेवणार. वजन उतरायचं थांबलं आणि मीटर १० वर आलं की भरायचं. भरायचंही संध्याकाळी. सकाळी ओतलं तर दिवस तापत जातो, लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि बुडबुडे होतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, हवा आत ओढली जाते. आधी पोकळीच्या आतून पातळ रेझिनचा एक हात देणार, म्हणजे छिद्रं बंद होतील. मग दोन थरांत भरणार. एकदम ओतलं तर ते आतल्या आत इतकं तापतं की तडा जातो. एकदा उरलेलं अर्धा किलो मगात राहिलं होतं, तर तो प्लास्टिकचा मग वितळून टेबलाला चिकटला आणि वर धूर.

माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाला मी हातमोजे आणि रसायनाची वाफ अडवणारा मास्क घातल्याशिवाय डब्याला हात लावू देत नाही. कातडीला एकदा त्याची ॲलर्जी बसली की आयुष्यभर त्या कामाच्या जवळ जाता येत नाही. विशीतल्या मुलाचा धंदा आपल्या निष्काळजीपणाने जाऊ नये.

लेझरचं तू मागे एकदा विचारलं होतंस, एवढी जाड फळी त्यावर कापते का. नाही कापत. माझ्या मशीनची किरण काढणारी ट्यूब ८० वॉटची आहे, सहा-आठ मिलीमीटर प्लाय नीट कापते, त्याच्या पुढे कड जळून कोळसा होते. फळी करवतीने आणि रंध्यानेच होणार. लेझर मी तीन गोष्टींना वापरतो. खणांच्या पेट्या, कारण त्यांचे दातेरी सांधे लेझरवर इतके नेमके येतात की फेविकॉल लावायच्या आधीच पेटी उभी राहते. फक्त किरण जाताना स्वतःच्या जाडीएवढं, दीड-दोन दशांश मिलीमीटर, लाकूड खातो, ते ड्रॉइंगमध्ये आधीच धरावं लागतं. दुसरं, वायरी जायच्या भोकावरचं झाकण. त्याला आपल्या जुन्या घरांच्या खिडकीसारखी जाळी करतो आहे, याच झाडाच्या पातळ तुकड्यातून. तिसरं कोरीव काम.

मशीन घेतलं ते मखरांसाठी, हे तुला माहीत आहे. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली आणि गावोगावचे लोक प्लायची मखरं मागायला लागले. आजही हप्ता मखरांवरच जातो, टेबलांवर नाही. पावसात या मशीनलाही जपावं लागतं. ट्यूबमधून फिरणारं पाणी जास्त थंड ठेवलं तर काचेवर दव धरतं, ताकाच्या ग्लासावर धरतं तसं, आणि त्या ट्यूबला हजारो व्होल्ट असतात. म्हणून पावसाळ्यात ते पाणी थंड करणारा चिलर २६-२७ अंशांच्या खाली नेत नाही. पुस्तिकेत कमी लिहिलं आहे, पण पुस्तिका लिहिणारा आषाढात अंजर्ल्याला आला नसणार.

आता ज्यासाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ते.

टेबलाच्या पुढच्या कडेला, बसणाऱ्याच्या हातापाशी, मला गोपद्मं, रांगोळीतली गाईची पावलं, कोरायची आहेत. तेहतीस. तुमच्या अंगणात चातुर्मासात काकू रोज तुळशीपाशी काढायच्या, आणि आपल्याला पलीकडून वळसा घालून जायला लावायच्या. फणसाची सावली तिथेच पडायची. मिलीमीटरभर खोल कोरून त्यात पांढरं रेझिन भरणार. आधी फळीवर लाखेचा पातळ हात देऊन मग कोरायचं, नाहीतर पांढरा रंग धाग्यांतून पाझरून कडा पुसट होतात. घट्ट झाल्यावर घासून सपाट करायचं, हात फिरवला तर कळू नये. लाकूड जसजसं गडद होईल तसतशी ती अधिक उठून दिसतील.

एक गोपद्म कॉम्प्युटरवर काढून तेहतीस वेळा उमटवणं दोन मिनिटांचं काम आहे. मी ते करून पाहिलं, एका तुकड्यावर. देवळाबाहेर स्टिकर मिळतात तसं दिसलं. तुकडा चुलीत घातला.

एकादशीला चातुर्मास लागेल, त्याला अजून आठवडाभर अवकाश आहे. काकूंचा हात आता थरथरतो, हे तू मागे बोलला होतास. थरथरू दे. त्यांना कोरे कागद आणि काळा जाड पेन दे, आणि रोज जमतील तेवढी, तीन म्हण, चार म्हण, काढायला सांग. घाई करू नकोस. बिघडलं म्हणून कागद टाकून देऊ नकोस, सगळे ठेव. तेहतीस झाली की दिवसाच्या उजेडात कागदाच्या बरोबर वरून फोटो काढ, सावली पडू देऊ नकोस, आणि कागदांच्या मागे क्रम लिही. ज्या क्रमाने त्यांनी काढली त्याच क्रमाने ती कडेवर येतील. फोटो मला दिवाळीच्या आधी मिळाले तरी चालतील. मूळ कागद मात्र नीट ठेव, ते तुझे.

मुक्ताला विचार, खण उजवीकडे हवेत की डावीकडे, आणि ती डावखुरी आहे ना अजून, की शाळेत बदलली?

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
बापू

ता. क. खिळा मी घासून लख्ख केलेला नाही. सुटी माती तेवढी ब्रशने काढली आहे, गंज तसाच आहे. तुला तो काढून हवा असेल तर आत्ताच सांग, एकदा भरल्यावर काढता येणार नाही.