ताई, तुम्ही आधी तिचा हात बघितलात

ताई, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण पत्र सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता.

मी गणिताची बाई. शाळेत पीटीचे सर नाहीत म्हणून १४ वर्षांखालच्या मुलींची सॉफ्टबॉलची टीम माझ्याकडं आली. नियम वाचून काढले, कॅचिंग-थ्रोइंग पोरी एकमेकींचं बघून शिकल्या, पण हिटिंग, म्हणजे बॅटनं बॉल मारणं, काही केल्या जमेना. आणि विचारायचं कुणाला? एका कोचनी दोन दिवसांच्या शिबिराचे पैसे घेतले आणि दोन्ही दिवस एकच पालुपद, "कोपर वर, जोरात मार". दुसऱ्या एकांना फोन केला तर पोरींचं वय, उंची काही न विचारता थेट बॅटची किंमतच सांगितली. "मुलीच आहेत ओ मॅडम, एवढं कशाला मनावर घेता" असं म्हणणारेही भेटले, ते अजून सलतंय. व्हिडिओ बघावेत तर एक म्हणतो वरून खाली मार, दुसरा म्हणतो खालून वर, आणि निम्मे निघाले बेसबॉलचे, तिथं बॉल खांद्यावरून फेकलेला, साडेसाठ फुटांवरून येणारा. आमच्याकडं पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, कमरेजवळून अंडरआर्म सोडते, मोठ्या बायकांच्या मॅचमध्येसुद्धा अंतर ४३ फूट. आमच्या पोरींनी त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

तुम्ही त्या रविवारी पोरींना हिटिंग शिकवायला आलात तेव्हा मी सातवीतल्या पोरीला पुढं केलं, कारण तिचा एकही बॉल लागत नव्हता आणि ती आता येतच नाही म्हणायला लागली होती. मला वाटलं तुम्ही म्हणाल, मार बघू. तुम्ही तिच्या हातातली बॅट काढून बाजूला ठेवलीत, तिथंच मातीत गुडघा टेकलात आणि म्हणालात, "हात दाखव बाळा."

दोन्ही तळव्यांवर फोड होते, अंगठ्याच्या मुळाशी, एक फुटलेला. सहा आठवडे ती पोर रोज माझ्यासमोर होती आणि मी फक्त बॉल लागला का एवढंच बघत होते. तुम्ही बाटलीतलं पाणी घालून तो हात धुतलात, तुमच्याच ओढणीनं टिपलात आणि मग विचारलंत, "बॅट तळव्यात रुतवून धरतीस ना? बोटांत धर. दार वाजवतो ना आपण, ती दोन्ही हातांची हाडं एका ओळीत आली पाहिजेत." पोर ओठ चावून उभी होती, ती पहिल्यांदा हो म्हणाली.

मग बॅट. एका हातानं बाजूला सरळ धरायला लावलीत, पंधरा-वीस आकडे तरी खाली यायला नको म्हणालात. सहाव्याच आकड्याला बॅट खाली. म्हणजे पोरीत खोट नव्हती, बॅटच जड होती, आणि तीच बॅट "हात मजबूत होतील" म्हणून आम्हाला दिली गेली होती.

कमरेचं तुम्ही सांगितलंत ते तर आमच्या पोरी जन्मात विसरणार नाहीत. "गड्ड्याला नंदीध्वज पेलताना बघता ना? नुसत्या मनगटानं पेलतो का माणूस? पाय रोवतो, कंबर लावतो. बॅटपण तशीच, आधी कंबर वळू दे, हात मागनं येतात." गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, आणि नंदीध्वज म्हणजे तिथं माणसं पेलून नेतात त्या उंच, जड काठ्या; सोलापूरच्या पोरींना यापेक्षा आणखी काय सांगायचं! आणि कोपराचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मीपण बरीच वर्षं कोपर वर म्हणूनच शिकवलं, चुकत होतं माझं. लहान पोरींचा खांदा आखडतो त्यानं, बॅट यायला उशीर होतो." त्याच क्षणी मला कळलं की ह्या बाईंचं ऐकायचं. इतकी वर्षं शिकवून आपलं चुकलं हे परक्या माणसासमोर सहज बोलणारी माणसं मला फार थोडी भेटलीत ताई, आणि अशा माणसांमुळंच पोरं खेळात टिकतात.

आता पाइपवर सायकलची ट्यूब बसवून टी, म्हणजे बॉल ठेवून मारायचा खांब, केलाय. टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका आईनं चिंध्या आणून दिल्या, त्याचे घट्ट चेंडू बांधलेत, भिंतीवर मारले तरी काही फुटत नाही. दहा बॉल झाले की थांबायचं, तुम्ही म्हणालात तसं. आतला, अंगाजवळून येणारा बॉल पुढं गाठायचा, बाहेरचा, अंगापासून लांबचा, जरा मागं येऊ द्यायचा, हे आता पोरीच एकमेकींना ओरडून सांगतात. २०२८ ला ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतंय हेही त्यांना कळलंय, त्यामुळं आवाज जरा जास्तच असतो.

मॅच अजून जिंकलेली नाही, खोटं कशाला सांगू. पण ती सातवीतली रोज येते, सगळ्यांच्या आधी येते. येत्या रविवारी सकाळी सातला जमलं तर मैदानावर या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येते, नाही म्हणू नका. फोड बसलेत तिचे, तो हात तुम्हाला दाखवायचाय म्हणते.

तुमची,
गणिताची बाई