मोजायच्या असतील तर चालू चार्जिंग गन मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांची चार्जिंग स्टेशन वाढल्याची कालची बातमी वाचली. आकडा खरा असेल, पण त्यातल्या किती गन, म्हणजे गाडीला लावायचे चार्जरचे प्लग, चालू आहेत, हे तुमच्या प्रतिनिधीने जागेवर जाऊन पाहायला हवं होतं.

मे महिन्यात आईच्या डोळ्यांची तपासणी करून नाशिकहून भुसावळला परतत होतो. धुळं सोडलं, पारोळ्याच्या अलीकडच्या स्टेशनवर थांबलो. बॅटरी १४ टक्के. ॲपवर दोन्ही गन 'उपलब्ध'. त्या कंपनीच्या वॉलेटमध्ये आधी पाचशे रुपये भरायला लावले. पहिल्या गनचा स्क्रीन काळा पडलेला. दुसरी गन लावली तर एक मिनिट चालून बंद, तीन वेळा तेच. हेल्पलाइनवर 'तक्रार नोंदवली' एवढंच उत्तर. शेजारच्या हॉटेलातला पोरगा म्हणाला, "भाऊ, चार दिन व्हयनात, बंद शे ते." चार दिवस बंद असलेलं मशीन ॲपवर उपलब्ध कसं दिसतं?

वर साधा पत्रासुद्धा नाही. पारा ४४ च्या पुढे, आई ७४ वर्षांची, नुकतीच डोळ्यांत औषध घातलेली. रुमाल ओला करून डोक्यावर घेऊन बसली होती. गाडीतल्या चार्जरची पिन हॉटेलच्या सॉकेटला लावली तर लाल दिवा, कारण अर्थिंग नाही. शेवटी पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याने आपला सॉकेट दिला. घरगुती सॉकेटवर तासाला जेमतेम वीस किलोमीटरची भर पडते. तीन तास आई गिरणीत धान्याच्या पोत्यावर बसून होती. त्या माणसाने विजेचा एक रुपया घेतला नाही, चहा मात्र पाजला. पुढे एसी बंद ठेवून, पन्नासच्या वेगाने जळगाव गाठलं. पाचशे रुपये अजून वॉलेटमध्येच अडकलेत.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर स्टेशन असावं, असं केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं. अंतर पाळलं तरी मशीन बंद असेल तर त्या २५ किलोमीटरचा उपयोग काय? प्रत्येक स्टेशनवर दिवसा एक माणूस, सावलीला शेड आणि बंद पडलेली गन त्याच दिवशी ॲपवर 'बंद' दाखवणं, एवढं तरी सक्तीचं करा. पेट्रोल पंपावर माणूस असतो, म्हणून तिथे अडचण आली तर कोणाला तरी विचारता येतं.

आणखी एक. इलेक्ट्रिक मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर टोल माफ झाला. यातला एकही रस्ता खान्देशातून जात नाही. आमच्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गाडीवाल्यांनी तेवढेच पैसे मोजून तीच गाडी घेतली आहे. हेही कधीतरी छापा.

आईची पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे. ती म्हणते, या खेपेला एसटीनेच जाऊ. तिला काय सांगू, ते मला सुचत नाही.

आपला,
एक वाचक, भुसावळ